जादाचे सूर

दादाच्या हातात काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा लक्षात आलं ते त्याच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत गाणाऱ्या बाईंच्या. खंडाळ्याकडच्या एका लग्नात त्या गात होत्या आणि दादा नेहमीसारखा त्यांच्या मागे कीबोर्डवर होता. गाणं संपल्यावर त्यांनी त्याला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, तुम्ही लांब सूर धरला की त्याच्या शेजारी दुसराच कुठलातरी सूर वाजतोय, गाताना माझा कान भरकटतो. दादाने ते नाकारलं नाही. त्यालाही ते ऐकू येत होतं. फक्त दोष त्याने कीबोर्डला दिला.

तो कीबोर्ड त्याने सांगलीत दुरुस्तीला टाकला. दुकानदाराने पट्ट्या काढल्या, खालचे रबर पुसले, सगळं परत बसवलं आणि यात काही दोष नाही म्हणून हातात दिला. दादा तसाच माझ्या खोलीवर आला. मी तेव्हा सांगलीत एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते, अजूनही शिकवते. दादा विट्याला राहायचा. शाळा सुटल्यावर आमच्या चुलत्यांनी त्याला दक्षिणेतल्या एका गावी आपल्या गलाईच्या दुकानात नेलं होतं. सोनं गाळायच्या भट्टीपुढे त्याची बरीच वर्षं गेली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक माणूस कीबोर्ड शिकवायचा, त्याच्याकडे हा संध्याकाळी जाऊन बसायचा. पुढे भट्टी सोडून तो परत आला तो वाजवणारा होऊनच. घरात कुणाला ते फारसं आवडलं नाही, पण लग्नसराईत त्याच्याशिवाय पार्टीचं पान हलत नाही म्हटल्यावर सगळे गप्प झाले.

मला संगीतातलं काही कळत नाही. पण कीबोर्डच्या पाठीमागे एक भोक असतं आणि त्यातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडता येते, एवढं मला ठाऊक होतं. त्या वायरीतून आवाज येत नाही. येतात ते नुसते निरोप: कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि बोट कधी उचललं. याला मिडी म्हणतात. माझ्या कॉम्प्युटरवर एक फुकट सॉफ्टवेअर होतं, ज्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो, हवा तसा बदलता येतो. ते असे निरोप एकाखाली एक ओळीने दाखवायचं. पट्टी खराब असेल तर इथे दिसेल, असं मी दादाला म्हटलं.

आधी मी एक पट्टी दाबून धरली. पडद्यावर एक ओळ आली. बोट उचललं, दुसरी आली. मग दादाने तीच पट्टी दाबून धरली. एक ओळ आली, क्षणभर काही झालं नाही, आणि मग भराभर ओळी पडायला लागल्या. तीच पट्टी सुटली, दाबली, सुटली, दाबली, मध्येच शेजारची. दादा म्हणाला, बघ, हेच ते. मी परत माझं बोट ठेवलं. एकच ओळ. त्याला म्हटलं, डाव्या हाताने दाब. डाव्या हाताचीही एकच ओळ आली आणि तशीच थांबली. मग त्याने स्वतःहून उजवा हात पुढे केला, पट्टी दाबली, आणि ओळी पुन्हा सुरू झाल्या. आम्ही दोघंही पडद्याकडे बघत होतो. त्याने हात काढून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"म्हंजे कीबोर्ड चांगला हाय," तो म्हणाला.

मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला चालून दाखवायला सांगितलं, चिमटीची उघडझाप करायला सांगितली, कागदावर नाव लिहायला लावलं. नाव शेवटाकडे बारीक बारीक होत गेलं होतं. त्यांनी कंपवात सांगितला. दादाने चाळिशी नुकतीच ओलांडली होती. हा म्हाताऱ्यांचा रोग ना, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, बहुतेकदा. भट्टीवरच्या धुराचं ऐकून त्यांनी बरेच प्रश्न विचारले, पण त्यानेच झालं असं म्हणता येणार नाही, असंही सांगितलं. गोळ्यांनी थरथर कमी होईल, रोग जाणार नाही. दादाने सगळं ऐकून घेतलं. परतताना मिरजेच्या स्टँडवर गाडीची वाट बघत असताना तो पहिल्यांदा बोलला.

"त्या जादाच्या वळी तेवढ्या मधल्या मधी गाळता येतील का गं?"

मी गाडीत बसेपर्यंत त्याचाच विचार करत होते. अवघड नव्हतं ते. कीबोर्डचा स्वतःचा आवाज बंद करायचा, निरोप कॉम्प्युटरमध्ये घ्यायचे, नको ते गाळायचे, उरलेल्यांचा आवाज कॉम्प्युटरने काढायचा. बोट उचलल्याचा निरोप आला की लगेच सूर बंद करायचा नाही, जरा थांबायचं. तेवढ्यात तीच पट्टी पुन्हा दाबली गेली तर ती थरथर समजायची आणि दोन्ही निरोप टाकून द्यायचे. ऐकणाऱ्याला सूर अखंडच लागतो. शेजारच्या पट्टीवर हलका धक्का बसला असेल तर तो ठरावीक जोराच्या खाली म्हणून सोडून द्यायचा. लोकांनी असे तुकडे आधीच लिहून ठेवले होते. मी ते जोडले, दादाच्या हाताप्रमाणे आकडे बसवले आणि कॉलेजातून मोडीत निघालेल्या एका लॅपटॉपवर चढवून विट्याला घेऊन गेले.

दादाचं घर यंत्रमागांच्या गल्लीत. दिवसभर खडखडाट, बोलायचं तर ओरडून. आठवड्यातून एकदा वीज नसायची, माग बंद असायचे, तोच त्याचा रियाजाचा वार. त्या दिवशी बॅटरीवर सगळं जोडलं. दादाने एक पट्टी दाबली आणि धरून ठेवली. सूर सरळ गेला, कुठेही न फाटता. मग त्याने एक गाणं वाजवलं, मग दुसरं. मागावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. मला रडू येत होतं आणि मी वायरी नीट करायचं निमित्त करत होते. वहिनी परातीत पीठ मळता मळता बाहेर आल्या, थोडा वेळ त्याच्या हाताकडे बघत राहिल्या.

"हात तर कापतोयच की वन्सं," त्या मला हळूच म्हणाल्या, आणि आत गेल्या.

ती लग्नसराई चांगली गेली. लॅपटॉप नवीन आवाजांसाठी आहे असं दादाने पार्टीत सांगितलं होतं. मालकांना ते फॅशनचं वाटलं, स्टेजवर लॅपटॉप दिसला की पार्टी मोठी वाटते म्हणाले. गाणाऱ्या बाईंनी मात्र काही विचारलं नाही. सूर नीट लागतोय एवढंच त्यांना पुरेसं होतं. दादा फोनवर मला प्रत्येक कार्यक्रमाचं सांगायचा, कुठलं गाणं जमलं, कुठे लोकांनी परत वाजवायला लावलं. औषधाची वेळ आणि कार्यक्रमाची वेळ जुळवून घ्यायला तो शिकला होता. मला वाटलं होतं, हे असं चालेल.

मग माण तालुक्यातली एक हळद आली. दहिवडीच्या पुढे एका वाडीत धनगरांच्या घरचं लग्न होतं. मुंबईला असलेली सगळी माणसं गावी आली होती. भर दुपार, वर कापडाचा मांडव, जनरेटरवर सगळं चाललेलं. मी सुट्टी असल्याने पार्टीबरोबर गेले होते. दोन-तीन गाणी झाली आणि चौथ्यात दादाने हात उचलले तरी एक सूर वाजतच राहिला. वरचा, कर्कश. बोट उचलल्याचा निरोप मी जोडलेल्या गाळणीत अडकला होता. पट्टी सुटली हे कॉम्प्युटरला कळलंच नव्हतं. दादाने तीच पट्टी पुन्हा दाबून सोडली, तरी तो थांबेना. लोक आधी हसले. गाणाऱ्या बाई थोडा वेळ रेटून गात राहिल्या आणि मग थांबल्या. दादा लॅपटॉपवर वाकला, पण घाईने आणि भीतीने त्याचा हात इतका उडायला लागला की पडद्यावरचा बाण कुठेच ठरेना. मी बायकांच्या गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी पोचेपर्यंत सगळ्या मांडवाने तो हात पाहिला होता.

मी वायर ओढली. एकदम शांत झालं. त्या शांततेत नवरीचा चुलता की मामा, कुणीतरी पुढे आला आणि मालकांना म्हणाला, "दुपारचाच पिऊन आलाय व्हय ह्यो?"

मालकांनाही रोगाचं माहीत नव्हतं. त्यांनी दादाला खाली उतरून टेम्पोत बसायला सांगितलं आणि पुढचा कार्यक्रम पेन ड्राइव्हवरच्या गाण्यांवर काढला. दादा टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. मी तिथे जाऊन उभी राहिले. आतून हलगी वाजायला लागली, माणसं नाचायला लागली. मी त्याला म्हटलं, मी सांगते मालकांना, तू प्यायला नाहीस म्हणून. तो म्हणाला, "न्हाई, ऱ्हाऊ दे. पेलेलाच बरा हाय."

परत येताना त्याने स्वतःच मालकांना रोगाचं सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी टेम्पो बाजूला घेऊन थांबवला, सगळं विचारून घेतलं, आणि जमेल तोवर वाजव म्हणाले.

गाळणीतली चूक मला दुसऱ्याच दिवशी सापडली आणि पुन्हा तसं कधी झालं नाही. पण रोग पुढे सरकत होता. शेजारच्या पट्ट्यांवरचे धक्के आता हलके राहिले नव्हते, ते खऱ्या सुराइतकेच जोरकस यायचे. नुसत्या जोरावरून निवडता येईना. म्हणून मी गाळणीला आणखी थोडं थांबायला शिकवलं: पट्टी दाबली तरी सूर लगेच काढायचा नाही, ती दाबलेली राहते का हे आधी बघायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते होतं. मला तर काही फरक जाणवला नाही. दादाला पहिल्याच गाण्यात जाणवला.

"सूर माज्या बोटाच्या मागनं येतोय," तो म्हणाला. "तालाच्या आधी दाबायला लागतंय. कवा दाबायचं तेच इचारात ऱ्हातंय डोस्क्यात."

तरी त्याने तेही अंगवळणी पाडायचा प्रयत्न केला. दुसरं एक होत होतं, ते मला आकड्यांत दिसत होतं आणि मी त्याला सांगितलं नव्हतं. गाळणी जितकी घट्ट करावी तितका त्याचाच हात गाळला जात होता. गाणाऱ्या बाई श्वास घेतात तेवढ्यात तो एक बारीकशी मुरकी टाकायचा, हलक्या बोटाने. ती गेली. एकच सूर पटपट दोनदा वाजवून तो पुढच्या ओळीला उचलून द्यायचा. ते थरथरीसारखंच दिसतं, म्हणून तेही गेलं. उरले ते लांब, ठळक, सरळ सूर.

बाईंनीच ते तोंडावर सांगितलं. विट्याच्या घरी त्या रियाजाला आल्या होत्या. एक गाणं झाल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आवं, वाईट वाटून घिऊ नका. पर गाणं कुणीतरी फडक्यानं पुसून ठेवल्यागत लागतंय."

दादाने माझ्याकडे पाहिलं आणि गाळणी सैल करायला सांगितली. सैल केली तर मुरकी आली आणि तिच्याबरोबर सगळी थरथरही आली. घट्ट केली तर दोन्ही गेल्या. आम्ही कितीतरी वेळ तो आकडा वरखाली करत राहिलो. बाई उठून गेल्या तरी करत राहिलो. शेवटी दादाने हात काढून घेतला.

"ह्यातली हालचाल रोगाची कुठली आन माजी कुठली, ते तुज्या मशीनला कसं कळतंय?"

मी खरं ते सांगितलं. त्याला काही कळत नाही. किती जोरात आणि किती वेळ, एवढंच ते मोजतं.

"मंग त्याचा काय दोष न्हाई," तो म्हणाला. "मलाबी कळंना झालंय."

त्यानंतरच्या वर्षी त्याचा हात कापायचा कमी झाला. आम्हाला बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की तो आखडत चाललाय. मधलं बोट उचलायचं ठरवूनही उचललं जायचं नाही. गाण्यातले सूर आता जादा येत नव्हते, येतच नव्हते. पडद्यावर ओळींच्या जागी मोकळी जागा पडायची, आणि जे आलंच नाही ते गाळणार कसं. मी दुसरा मार्ग काढला. त्याची नेहमीची गाणी कॉम्प्युटरला आधीच शिकवून ठेवली. त्याने चुकवलेला सूर कॉम्प्युटरने स्वतः भरायचा. मी दोन महिने त्यावर बसले होते. गाणं लावून दिलं, दादाने जमतील तेवढ्या पट्ट्या दाबल्या, आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ वाजलं. तो ऐकत होता. संपल्यावर त्याने विचारलं, हे कोण वाजवत होतं. तू, मी म्हटलं.

"मी न्हाई," तो म्हणाला. रागाने म्हणाला नाही. "त्ये काढून टाक."

मी काढून टाकलं. त्या महिन्यातच त्याने पार्टी सोडली. मालकांनी दुसरा वाजवणारा शोधला नाही, पेन ड्राइव्हवर भागवलं.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. वहिनी शेजारच्या मागावर सुताच्या कांड्या भरायला जायला लागल्या, मधूनमधून येऊन त्याला पाणी पाजून जायच्या. त्याचा आवाज इतका खाली गेला की त्या गल्लीत, त्या खडखडाटात, तो काय म्हणतोय हे कुणालाच ऐकू यायचं नाही. वहिनी त्याच्या तोंडापाशी कान न्यायच्या. मी रविवारी जायचे. एकदा त्याने गाळणी न लावता कीबोर्ड लावायला सांगितला. मी लावला. जे वाजलं ते ऐकवत नव्हतं. वहिनींनी दार ओढून घेतलं. तो थोडा वेळ वाजवत राहिला, मग मान हलवली, मी बंद केला. नंतर त्याने कधी तो मागितला नाही. गिळायला त्रास व्हायला लागला, घास चुकीच्या वाटेने जायला लागले, छातीत कफ धरला. गेल्या थंडीत मिरजेच्या दवाखान्यात तो गेला.

दिवस झाल्यावर बाहेरगावी शिकणाऱ्या त्याच्या मुलीने विचारलं, पप्पांचं वाजवलेलं काही आहे का. मी म्हटलं, असणारच, एवढी लग्नं वाजवली त्याने. आम्ही शोधायला लागलो. ओळखीच्या घरांतून लग्नाच्या सीड्या आणल्या. सगळ्यांमध्ये फोटोवाल्यांनी मूळ आवाज काढून सिनेमातली गाणी टाकली होती. पडद्यावर दादा दिसायचा, तरुण, हसत, बोटं पट्ट्यांवरून पळतायत, आणि ऐकू यायचं भलतंच. लोकांच्या फोनमध्ये जे काही थोडं सापडलं ते गाळणी लावल्यानंतरचं होतं. आजारापूर्वीचा त्याचा एक सूरही कुठे उरलेला नाही.

माझ्याकडे मात्र कच्चे निरोप होते. गाळणी नीट चालते का हे तपासायला मी वायरीतून येणारं सगळं, गाळायच्या आधीचं, साठवत असायचे. त्या ओळी घेऊन मी सांगलीत बसले. आता सूर पोचायची घाई नव्हती, एकेक ओळ हाताने निवडता येणार होती. सर्वांत जुनी फाईल उघडली, थरथर अजून हलकी होती तेव्हाची. ही ठेवायची, ही काढायची, ही ठेवायची. एका गाण्याच्या अर्ध्यावर मी अडकले. एक हलका सूर होता, लांब सुराच्या शेजारी, बाईंनी श्वास घेतला असेल अशा जागी. ती मुरकी असेल किंवा धक्का असेल. मी तो काढून ऐकला, ठेवून ऐकला. मला कळलं नाही.

वहिनी त्या आठवड्यात सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या, माझ्याकडे उतरल्या. त्यांनी विचारलं, काय करताय. मी दाखवलं. त्या म्हणाल्या, न गाळलेलं लावा. मी म्हटलं, वहिनी, त्यात सगळी थरथर आहे. त्यांनी परत तेच सांगितलं, म्हणून लावलं. त्यांनी पदर तोंडाशी धरून गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यातलं काय काढू नका," त्या म्हणाल्या. "हात कापत हुता तवाबी वाजवत त्येच हुते."

त्याच्या मुलीला मी ते तसंच पाठवलं. तिने थोडं ऐकलं आणि नंतर कधीतरी ऐकेन म्हणाली. मी तिला परत विचारलेलं नाही.